हाकेवरची कडी

कडी बसवल्यानंतर घास पहिल्यांदा अडकला, तो सारिका शेजारणीला विरजण द्यायला दारात गेली तेव्हा.

शिरीषनं वरणभात स्वतःच्या हातानं कालवला, तोंडात घातला, चावला, गिळला. घास छातीच्या मध्यावर आला आणि तिथंच जुन्या ओळखीच्या पाहुण्यासारखा बसून राहिला. त्यानं पाणी प्यायलं, तर पाणी घासाच्या डोक्यावर उभं राहिलं. मान मागं टाकून झाली, भिंतीला पाठ लावून झाली, आणि शेवटी तो मोरीकडं धावला.

वाटी देऊन सारिका आत आली. "काय झालं ओ?"

"काही नाही. घाईत खाल्लं."

ती समोर बसली. नवा घास त्याच्याकडं सरकवत सवयीनं म्हणाली, "हा घास खुंटीचा, पिळता पिळता सुटला."

शिरीषनं घास घेतला. छातीच्या तळाशी काहीतरी हलकेच मागं सरलं, घरच्या माणसासाठी दाराची कडी आतून कुणी काढावी तसं. घास उतरला.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. त्याला नवल वाटलं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदात काही वावगं आहे असं तिला त्या दिवशी वाटलं नाही.

शिरीष सुतार हा मिरजेतला सतारी बनवणारा कारागीर. पुढं दुकान, मागं घर, आणि दोन्हीकडं आढ्याला टांगलेले वाळके भोपळे. पण त्याचं खरं नाव होतं ते जवारीसाठी. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं इतका हलका घासायचा की तार टेकते की नाही असं व्हावं. मग मिटलेला सूर उघडतो, त्याला पदर सुटतात. याला जवारी म्हणायचं. पुण्याकडचे, धारवाडकडचे वादक फक्त तेवढ्यासाठी त्याच्याकडं यायचे. मिटलेलं उघडणं हा त्याचा धंदा होता, आणि त्याच्या छातीतला एक दरवाजा मात्र उघडेनासा झाला होता.

अन्ननलिका जिथं जठराला मिळते, तिथं स्नायूंचा एक गोल दरवाजा असतो. एरवी तो मिटलेला असतो. घास आला की चेतापेशी सांगतात आणि तो सैल पडतो. शिरीषच्या दरवाज्याला सांगणाऱ्या पेशीच एकेक करून गेल्या होत्या. कॅन्सर नव्हता, गाठ नव्हती, तरी अन्न दारात अडून राहायचं, आडवं झालं की नाकातोंडाशी यायचं. या आजाराला अॅकॅलेशिया म्हणतात, हे सारिका आधी बिचकत, मग सराईतपणे सांगायला शिकली. डॉक्टर मगदूमबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून, आत फुगा फुगवून दरवाजा एकदा ताणला. वर्षभर बरं चाललं, मग पुन्हा आवळलं.

"दुर्बिणीतूनच आतला स्नायू कापता येतो," बाई म्हणाल्या होत्या. "जुना उपाय आहे, चांगला आहे. पुष्कळ लोक त्यावर सुखानं जेवतात. फक्त कापलेला दरवाजा पुरता मिटत नाही, काहींना आम्ल वर येतं, त्याची गोळी घ्यावी लागते. दुसरा उपाय नवा आहे."

तो नवा उपाय म्हणजे कडी. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण वॉर्डात सगळे कडीच म्हणायचे. शेवईच्या वेटोळ्यासारखी मऊ, दुर्बिणीतून आत नेऊन दरवाज्याभोवती बसवायची. घास यायच्या आधी ती बारीकसा प्रवाह सोडायची आणि स्नायू सैल पडायचा. घास गेला की पुन्हा मिटायचा.

"कापलेलं परत जुळत नाही, लाकडात काय आणि अंगात काय," शिरीष म्हणाला. "कडीच बसवा."

घास येणार हे कडीला कळायचं कसं? तिला कान नव्हते. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची लांब नस गळ्याला, हृदयाला, जठराला शिवत जाते. कडी त्या नसेच्या एका फांदीला टेकून तिची थरथर वाचायची. माणूस गिळायला निघाला की नस आधी एका खास तऱ्हेनं थरथरते. ती तऱ्हा ओळखायला कडी पहिले तीन आठवडे शिकायची, आणि नंतर तिचं शिकणं कायमचं बंद व्हायचं. माणसाच्या पोटातलं यंत्र मागाहून आपल्या मनानं बदलू नये, असा नियम होता, आणि नियम शहाणा होता.

त्या तीन आठवड्यांसाठी सूचना एकच होती. जेवताना रुग्णानं बोलू नये, इतरांनी त्याच्याशी बोलू नये.

पहिला घास अडकल्यावर दोघं मगदूमबाईंकडं गेली. बाईंनी कडीच्या शिकण्याच्या दिवसांतलं ध्वनिमुद्रण काढलं. खोकला, ढेकर वेगळे करता यावेत म्हणून कडीबरोबर उशाशी एक ध्वनियंत्र असायचं. बाईंनी ते लावलं आणि खोलीत सारिकाचा आवाज भरला. हळू, कानाशी बोलल्यासारखा.

हा घास कृष्णेचा, घाटावर टेकला. हा घास जवारीचा, आत गेला नि उघडला.

बाईंनी यंत्र थांबवलं. "सारिकाबाई, जेवताना बोलू नका म्हणून सांगितलं होतं."

"नाही बोलले मॅडम." सारिका गोंधळली. "घास भरवला फक्त."

"हे काय आहे मग?"

"हे घासाचं नाव. हे बोलणं कुठाय?"

सारिका बालवाडीत शिकवायची. तिच्या आईनं तिला, आणि तिनं गल्लीतल्या दोन पिढ्यांना, घासाला नाव दिल्याशिवाय कधी भरवलं नव्हतं. नवरा आजारी पडला तशी दोन वर्षं ती त्याच्यापाशीही तेच करत होती, दर घासाला नवी ओळ. हात धुणं किंवा ताटाभोवती पाणी फिरवणं जसं कुणी बोलण्यात धरत नाही, तसं तिनं हेही धरलं नव्हतं.

मगदूमबाई खुर्चीत मागं टेकल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "ऐकलेल्या आवाजावर आपला विश्वास असला की नस निवते. तिची वेगळी थरथर असते. तीन आठवडे दर घासाआधी तीच थरथर आली. कडीला वाटलं, गिळणं म्हणजे हेच." त्यांनी शिरीषकडं पाहिलं. "तुमच्या कडीनं घास शिकलाच नाही. हाक शिकली."

"काढून दुसरी बसवा," शिरीष म्हणाला.

"ती आता भिंतीत रुजलीय, तिथला स्नायू कापायलाही जागा उरली नाही. काढायची तर तेवढी अन्ननलिकाच कापावी लागेल, छाती उघडून. मी तो सल्ला देणार नाही. नाहीतर पोटातून नळी आहे, थेट जठरात अन्न सोडायची. जीव जाणार नाही, जेवण जाईल."

रिक्षात शिरीषनं तोंड रस्त्याकडं वळवलं. सारिकाला मात्र आतून एक खुळं हसू फुटत होतं. ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता कुठं जाल मला सोडून?"

तो हसला नाही. बाहेर बघत राहिला.

मग दिवस त्या हाकेभोवती फिरायला लागले. सारिकानं दुपारची बालवाडी सोडली. शिरीषचं बाहेरगावी जाणं सुटलं. कुणाच्या लग्नाला गेलं तर पंगतीत ती पुरुषांच्या बाजूला, त्याच्या ताटापाशी उकिडवी बसून पुटपुटायची, आणि तरणी पोरं तोंडावर रुमाल धरायची. दुकानात गिऱ्हाईक असताना जेवायची वेळ झाली की शिरीष उपाशी राहायचा.

"मी बैल आहे का," तो एकदा म्हणाला, "हाक ऐकून तोंड उघडायला?"

"बैलाला नुसतं हाकतात. तुम्हाला मी कविता म्हणते."

"बालवाडीतल्या कविता."

"उतरतात ना पण?"

उतरत होत्या. तेच त्याला उतरत नव्हतं.

बहिणीच्या नातवाचं बारसं आलं तेव्हा भांडण झालं. सारिकाला सांगलीला एक दिवस जायचं होतं. शिरीष म्हणाला, जा की, मी उपाशी राहतो. ती म्हणाली, सकाळी भरवून जाते, रात्री येऊन भरवते. तेव्हा दुकानात केतकी नावाची पुण्याची सतारवादक जवारीसाठी आली होती. तिच्यासमोर तो म्हणाला, "बघा, आमच्या जेवणाचं वेळापत्रक. तान्ह्या पोराला पण इतकं विचारून दूध पाजत नाहीत." केतकी हसली. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती सभ्यपणानं हसली.

सारिका बारशाला गेली नाही. दुपारी तिनं ताट वाढलं, समोर बसली, आणि शिरीषनं घास तोंडात घेतल्यावर काहीच बोलली नाही.

त्यानं वर पाहिलं. घास त्याच्या गालात होता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाहेर कुणीतरी भोपळा तासत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता. त्यानं गिळलं, घास दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याचे डोळे पाणावले. तरी ती गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळत होतं की गप्प बसण्यालाही वजन असतं आणि ते वजन दुसऱ्याच्या छातीवर ठेवता येतं. ते कळणं गोड होतं.

"माफी मागा," ती म्हणाली.

तो बोलू शकत नव्हता.

"मान हलवा. चालेल."

त्यानं मान हलवली.

"हा घास माफीचा," ती अगदी प्रेमानं म्हणाली, "मान लववून मागितला."

कडी उघडली. घास उतरला. शिरीष ताटावरून उठला, हात धुतले आणि दुकानात जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत कानस चालत होती. जे हाड नखाएवढं घासायचं ते त्यानं पार उगाळून टाकलं होतं.

त्यानंतर तो तिच्याशी फार सभ्यपणे वागू लागला.

मार्ग त्यानंच शोधला. आधी नुसत्या ओळी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. त्या काही दिवस चालल्या, मग नस कंटाळली. पुढची ओळ माहीत असली की ती थरथरायची नाही. मग कंपनीचा माणूस एक डबी घेऊन आला, काडेपेटीहून थोडी मोठी. हुबेहूब आवाज काढणारी यंत्रं तोवर घरोघरी झाली होती. या डबीनं सारिकाच्या त्या तीन आठवड्यांचं मुद्रण पोटात घेतलं आणि त्यातून तिचा आवाजच नव्हे, तिची ओळी जुळवायची खोडही उचलली.

"तुलाही मोकळीक," शिरीष म्हणाला. "बारशाला जा, बालवाडीत जा."

सारिकाला वाटलं, रुसवा गेला. तिनं आनंदानं संमती दिली.

आवाजाबद्दल कायदा कडक होता. आवाज ज्याचा त्याचा. दर तीन महिन्यांनी मालकाच्या फोनवर विचारणा यायची, आणि सुरू ठेवायचं असेल तर मालकानं स्वतः एक वाक्य म्हणायचं. कुणी अंगठा धरून उमटवेल, सही गिरवेल, पण जिवंत आवाज चोरता येणार नाही, अशी त्यामागची कल्पना होती. पहिल्या खेपेला सारिका भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "माझा आवाज मी माझ्या मर्जीनं देते." फोननं उत्तर दिलं, आवाज जुळला.

डबी पहिल्यांदा ताटाशी ठेवली तेव्हा सारिका दारात उभी राहून ऐकत होती.

हा घास पदराचा, सुटला नि सावरला.

ही ओळ तिनं कधीच केली नव्हती. पण केली असती. शिरीषनं डोळे मिटून घास घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे निवांतपण आलं ते तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती हळूच मागं सरली. आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो, असं तिला वाटलं.

शिरीष पंधरवड्यासाठी पुण्याला गेला, सतारींच्या दुरुस्तीचं मोठं काम होतं म्हणून. पंधरवडा संपला तेव्हा फोन आला.

"कधी येताय?"

"सारिका, मी इथंच राहीन म्हणतो."

"कुणाकडं?"

"केतकीकडं."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिच्या तोंडून निघालं ते सवयीनंच निघालं. "आणि जेवणाचं?"

"डबी आहे की," तो म्हणाला.

पुढच्या तिमाहीला विचारणा आली. सारिका फोन हातात घेऊन बसली. तिचा भाऊ म्हणाला, "नाही म्हण. मरू दे उपाशी." तिनं नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. फोन उलटा करून पाटाखाली सरकवला आणि बालवाडीत निघून गेली. मुदत सरली तशी डबी आपोआप मुकी झाली.

केतकी आली ती भर दुपारी. दारात उभी राहून भोपळ्यांकडं बघत म्हणाली, "ताई, आत येऊ?"

"ताई म्हणू नका. बाकी या."

ती बसली. तिचे हात वादकाचे होते, बोटांच्या टोकांना तारांचे काळे घट्टे. सारिकानं पाणी दिलं. तिनं ते एका दमात प्यायलं आणि सारिका तिच्या गळ्याकडं बघत राहिली. किती सोपं होतं ते.

"त्यांना इथंच आणलंय. मगदूमबाईंकडं. डबी बंद पडल्यापासून पाणीसुद्धा उतरत नाही. सलाइनवर आहेत. बाई म्हणतात, तुम्ही हो म्हणालात तर आज संध्याकाळी जेवतील. नाहीतर उद्या पोटात नळी."

"तुम्ही का नाही भरवत?"

"प्रयत्न केला." केतकीनं मान खाली घातली. "एकदा डबी बंद करून समोर बसले. तुमच्यासारखं म्हणून पाहिलं. हा घास अमक्याचा, हा घास तमक्याचा."

"मग?"

"उलटलं. माझ्या अंगावर."

सारिका हसली. हसू आवरेना म्हणून तोंडावर पदर धरला, तरी हसतच राहिली. केतकीनं रिकामा पेला खाली ठेवला.

"हसा," ती म्हणाली. "माझ्या घरात मी स्वयंपाक करते, आणि घास तुमच्या नावचा. ते जेवत असले की मी गच्चीत जाऊन उभी राहते. तिथंही ऐकू येतं. इतकं प्रेमानं मला कुणी आयुष्यात काही म्हटलेलं नाही हो. आणि ते मला म्हटलेलं नसतंच."

सारिकाचं हसू थांबलं. डोळे पुसून ती उठली. "तुम्ही व्हा पुढं. मी करून आणते काहीतरी. फोनबिनची गरज नाही. मी आहे ना जिवंत."

तिनं हुलग्याचं माडगं केलं. हुलगे भाजून, दळून, पातळ शिजवलेलं, वर गूळ. आजारातून उठताना शिरीष तेच मागायचा. ढवळताना तिच्या मनात भलतंसलतं येत होतं. चमचा त्याच्या ओठांशी नेईन. तो माझ्याकडं बघेल. डबीकडं नाही, माझ्याकडं. आणि केतकी दारात उभी राहून बघेल की कडी कुणाच्या हाकेला उघडते.

वॉर्डात तो उशीला टेकून बसला होता. गालफडं बसली होती. शेजारच्या पडद्यावर कडीची रेघ सरळ चालली होती. कडी उघडली की रेघेला उंचवटा यायचा. मगदूमबाई पडद्यापाशी उभ्या होत्या, केतकी दाराशी.

"आलीस," तो म्हणाला.

"आले."

"मी बोलावलं नव्हतं."

"माहीत आहे. माडगं आणलंय."

त्याच्या डोळ्यांत भूक आली. ती काठावर बसली, चमचा भरला, फुंकला. मनाशी जुळवून ठेवलेली ओळ म्हणाली, "हा घास वाटेचा, चुकला नि वळला."

त्यानं गिळलं. ती पडद्याकडं बघत होती. रेघ सरळच गेली. शिरीषनं छातीवर हात दाबला, आणि माडगं तसंच्या तसं उलटीच्या भांड्यात परत आलं.

"घाई झाली," सारिका म्हणाली. "पुन्हा. हा घास तारेचा, छेडला नि हसला."

रेघ सरळ.

"हा घास कृष्णेचा." तिचा आवाज चढला होता, तिला तो ऐकू येत होता. "घाटावर टेकला. घ्या ना ओ. घाटावर टेकला."

तेही परत आलं. दाराशी केतकी हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

मगदूमबाई हळू म्हणाल्या, "त्यांची नस तुम्हाला ओळखते, सारिकाबाई. पण आता तुमचा आवाज ऐकून ती निवत नाही, सावध होते."

शिरीषनं तोंड पुसलं. दमला होता. सारिकाकडं न बघता म्हणाला, "ती पूर्वीची लाव."

"कोण पूर्वीची?"

"डबीतली."

"ती मीच आहे."

"होतीस," तो म्हणाला.

सारिकानं चमचा वाडग्यात ठेवला. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं की आपण उठून चालू लागू. पण त्याच्या मनगटाची हाडं दिसत होती, आणि माणूस उपाशी होता. बालवाडीत कुठल्याही पोराला तिनं कधी उपाशी ठेवलं नव्हतं, चावऱ्यालासुद्धा नाही. तिनं फोन काढला. विचारणा अजून तिथंच होती.

"माझा आवाज मी माझ्या मर्जीनं देते."

फोन क्षणभर थांबला. आवाज जुळला नाही.

तिनं घसा खाकरला. पुन्हा म्हणाली. आवाज जुळला नाही. खाली बारीक अक्षरांत आलं, एकच संधी शिल्लक.

"काय करतेयस?" शिरीषनं विचारलं.

"थांबा," मगदूमबाईंनी फोन हातात घेऊन वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "ठेवलेल्या आवाजाशी ताडून बघतंय. तुम्ही त्यात बसत नाही आहात. तिसऱ्यांदा नाही जुळला तर आवाज चोरायचा प्रयत्न समजून सगळं पुसून टाकतात. मूळ मुद्रणसुद्धा."

"मुद्दाम करतेय ती," शिरीष म्हणाला. "मला माहितीय हिची तऱ्हा."

"नाही ओ. शपथ."

"त्या दिवशीसारखं. घास तोंडात असताना बसली होतीस तशी."

"त्याची माफी मागते," सारिका म्हणाली. "आत्ता, यांच्यासमोर मागते."

माफी त्याच्यापाशी आली आणि दारात अडून राहिली.

मगदूमबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "त्या तीन आठवड्यांत काय असायचं तुमच्या मनात? तेच आणा. घाई नाही."

काय असायचं? काही नसायचं. तेच तर होतं. तेव्हा ती घास सोडून कशाचाही विचार करत नसे. हा माणूस राहील का जाईल, माझा आहे का नाही, हे प्रश्नच नव्हते. नुसती एक ओळ आणि एक घास. तिनं डोळे मिटले. म्हणाली, "हात द्या जरा."

शिरीषनं हात पुढं केला. सुई टोचायला नर्ससमोर करावा तसा, ताठ, तळवा वर. तिनं तो धरला. त्या हातावर अजून कानशीचे घट्टे होते. तिनं त्यांवरून अंगठा फिरवला, आणि जमेल तितक्या मायेनं, जमेल तितक्या हळू म्हणाली,

"माझा आवाज मी माझ्या मर्जीनं देते."

उशाशी ठेवलेल्या डबीचा बारीक हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. फोनवर अक्षरं आली. आवाज जुळला नाही. सुरक्षेसाठी ही प्रत पुसली आहे.

केतकी पुढं आली, तिनं डबी उचलली, कानाशी धरली, हलवली, आणि काही न ऐकू येऊन तशीच हातात धरून उभी राहिली. मगदूमबाई बाहेर जाऊन नर्सला काहीतरी सांगू लागल्या. त्यात नळी हा शब्द आला.

शिरीषनं हात काढून घेतला.

"गप्प बसायला तुला आधीपासूनच चांगलं येतं," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं.

सारिकानं वाडगा, चमचा धुतला, डब्याचं झाकण लावलं, पिशवी उचलली आणि जिना उतरून खाली आली. दवाखान्याच्या पायरीवर ऊन आलं होतं. नातेवाईक डबे उघडून बसले होते, कुणी भाकरी मोडत होतं, कुणी ठेच्याची पुडी सोडत होतं. ती एका कडेला बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं. लाज वाटावी इतकी भूक लागली होती.

तिनं डबा उघडला. माडगं अजून कोमट होतं. पहिला चमचा भरला आणि ओठ सवयीनं हलले. हा घास. पुढं कुणाचं नाव घ्यायचं, ते काही सुचेना. ती क्षणभर थांबली.

मग नाव न घेताच तिनं घास घेतला. तो सरळ खाली गेला.